नाशिकच्या छोट्या वायनरीत मालकासोबत रेड वाइन चाखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिंडोरी, गंगापूर, निफाड, इगतपुरी या पट्ट्यातल्या छोट्या वायनऱ्यांमध्ये टेस्टिंगला जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर लोक आम्हाला जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. छोटी वायनरी म्हणजे नेमकी किती छोटी?

ठरलेला आकडा नाही, पण हिशेब मांडून पाहता येतो. नेहमीचं ओकच्या लाकडाचं बॅरल 225 लिटरचं असतं आणि त्यातून 750 मिलीच्या 300 बाटल्या निघतात. म्हणजे 40 बॅरल असलेल्या मालकाकडे जास्तीत जास्त 12,000 बाटल्या बॅरलमधल्या वाइनच्या. एक किलो द्राक्षांपासून साधारण 600 ते 700 मिली वाइन होते. तेव्हा त्याला सुमारे 14 टन माल लागतो आणि एकरी 4 टन धरले तर साडेतीन एकर बाग पुरते. एवढ्या पसाऱ्यात छाटणी कधी करायची, तोडा कधी घ्यायचा आणि बाटली कधी भरायची, हे तिन्ही निर्णय बहुतेक वेळा एकच माणूस घेतो. तोच समोर बसून वाइन ओतत असतो, म्हणून या टेस्टिंगला अर्थ आहे. मोठ्या वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये माहिती चांगली मिळते, पण "तुम्ही असं का केलंत?" या प्रश्नाचं उत्तर तिथल्या काउंटरवर सहसा मिळत नाही.

2. कोणत्या महिन्यात जावं?

आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी). वाइनच्या काळ्या द्राक्षांचा तोडा बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्या दिवसांत गेलात तर क्रशर चालू दिसेल, आंबत्या टँकचा वास येईल आणि घडातला मणी तोंडात टाकून बघता येईल. मालकाला मात्र तासभर बसायला सवड नसते.

निवांत गप्पा हव्या असतील तर जुलै ते सप्टेंबर बरा. पावसात हवा गार असते आणि नुकत्याच आलेल्या हंगामाची वाइन टँकमध्ये किंवा बॅरलमध्ये असते. एप्रिल-मेच्या दुपारी जाऊ नका. त्या उन्हात जीभ आणि नाक दोन्ही लवकर थकतात.

3. आधी न कळवता गेलं तर चालतं का?

चालत नाही. छोट्या ठिकाणी टेस्टिंगसाठी वेगळा माणूस नसतो. दोन-तीन दिवस आधी फोन करा आणि किती जण येणार, कोण पिणार नाही, बॅरलमधली वाइन चाखता येईल का, एवढं विचारून घ्या. चार ते सहा जणांचा गट उत्तम. दहाच्या वर गेलं की मालक भाषण देतो आणि तुम्ही ऐकता, बोलणं होत नाही. टेस्टिंगचे पैसे आहेत का, हेही फोनवरच विचारा. पैसे घेत असतील तर घासाघीस करू नये.

महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वय 21 पूर्ण लागतं. चेहऱ्यावरून लहान दिसणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मतदानाच्या आधीचे दिवस ड्राय डे असतात, तारीख ठरवताना ते बघा.

4. नाशिकला आलोय तर सकाळी मिसळ खाऊन मग टेस्टिंगला जाऊ का?

मिसळ जरूर खा, पण टेस्टिंग झाल्यावर. तिखटामुळे तोंडाची आग होत असताना रेड वाइनमधलं अल्कोहोल जास्त जाळतं आणि टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारा घटक (प्रश्न 7), जास्त तुरट, कडवट लागतं. त्या तोंडानं चांगल्या शिराझवरही (काळ्या द्राक्षांची एक जात आणि तिची वाइन) अन्याय होतो. रिकाम्या पोटीही जाऊ नका. दोन तास आधी पोहे, इडली, घावन असं सौम्य काही खा. निघायच्या अर्धा-पाऊण तास आधीपासून चहा-कॉफी, पान, सुपारी, तंबाखू, पुदिन्याची गोळी आणि टूथपेस्ट बंद. अत्तर, डिओ, उग्र गजरा नको. छोट्या खोलीत एकाच्या अत्तरानं सगळ्यांचे ग्लास वाया जातात.

5. एक वाइन चाखायची नेमकी पद्धत काय?

ग्लासमध्ये 30 मिलीच्या आसपास घ्या, त्याहून जास्त नको. ग्लास दांड्याला धरा, नाहीतर हाताची ऊब वाइनला लागते. मग असं करा:

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग बघा. जांभळट कड म्हणजे वाइन तरुण, विटकरी कड म्हणजे मुरलेली किंवा उन्हाळ्यात नीट न ठेवलेली. पहिला वास ग्लास न हलवता घ्या, कारण काही दोष तेव्हाच पकडता येतात (प्रश्न 12). नंतर ग्लास टेबलावर ठेवूनच तीन-चार वेळा गोल फिरवा आणि पुन्हा वास घ्या. घोट छोटा असावा. तो तोंडात सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, मग गिळा किंवा थुंका.

यानंतर घाई करू नका. गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते मनात मोजा. तीन-चार सेकंदांत सगळं संपलं तर वाइन साधी आहे. दहा-बारा सेकंद फळाची चव राहिली तर दर्जा चांगला. पण राहिली ती नुसती जळजळ असेल तर ते मोजू नका, ते अल्कोहोल आहे.

क्रम हलक्याकडून जडाकडे आणि बिनओककडून ओककडे ठेवतात. मालकानं क्रम ठरवला असेल तर तोच पाळा. मधे पाणी आणि साधा पाव. चीज सगळ्यात शेवटी, कारण त्यातली चरबी आणि प्रथिनं टॅनिन झाकतात आणि कच्ची वाइनही गोजिरी वाटायला लागते.

6. वाइन थुंकली तर मालकाला अपमान वाटेल का?

अजिबात नाही. थुंकणारा पाहुणा गंभीरपणे चाखतोय, हे त्याला लगेच कळतं. सहा वाइन 30 मिलीनं गिळल्या तर 180 मिली होतात, म्हणजे पाव बाटली. चौथ्या वाइननंतर तुमच्या मताला फारसा अर्थ उरत नाही. भांडं टेबलावर नसेल तर मागून घ्या. ग्लासात उरलेली वाइनही त्यातच ओतायची.

गाडी चालवणाऱ्यानं सगळं थुंकूनही दुसऱ्याच्या हाती चावी द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे, आणि चाखताना थोडं पोटात जातंच.

7. सगळ्याच रेड मला तुरट लागतात. माझं काही चुकतंय का?

चुकत नाही. साली, बिया आणि ओक यांतून टॅनिन वाइनमध्ये येतं आणि ते लाळेतल्या प्रथिनांना बांधून ठेवतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. उकळून काळा केलेला कोरा चहा प्यायल्यावर हिरड्यांना जे जाणवतं, तेच हे. तेव्हा तुरटपणा आहे की नाही हे न बघता तो कसा आहे ते बघा. पिकलेलं टॅनिन मखमलीसारखं सगळीकडे सारखं पसरतं. कच्चं टॅनिन हिरड्यांना आणि जिभेच्या मागच्या भागाला बोचतं आणि मागे कडवटपणा ठेवतं. तुरटपणा आणि आंबटपणा यांतही गल्लत होते. आंबटपणानं तोंडाला पाणी सुटतं, तुरटपणानं ते सुकतं.

सुरुवात करणाऱ्यांनी मालकाकडे मर्लो, टेम्प्रानिलो किंवा बिनओकची शिराझ आधी मागावी. कॅबर्ने सोविन्यों नंतर.

8. बाकीच्यांना "ब्लॅकबेरी, सिडार" असे वास येतात. मला तर काहीच येत नाही.

जी फळं कधी खाल्लीच नाहीत, त्यांची नावं घेऊ नका. जांभूळ, करवंद, तुती, आलुबुखार, कोकम, चिंच, सुकं अंजीर, काळी मिरी, लवंग, दालचिनी, ओली माती, भाजलेलं खोबरं हे वास तुमच्या नाकाला ठाऊक आहेत. नाशिकच्या शिराझमध्ये जांभूळ आणि मिरी सहज सापडतात. अमेरिकन ओक असेल तर व्हॅनिला आणि खोबरं, फ्रेंच ओक असेल तर लवंग-दालचिनीकडे झुकणारा मसाला. मालकही मराठीत बोलणारा असेल तर "करवंदासारखी आंबटगोड" हे त्याला परदेशी यादीपेक्षा पटकन कळतं.

9. मालकाला नेमकं काय विचारावं?

"तुमची सगळ्यात चांगली वाइन कोणती?" हे विचारू नका. उत्तर महागड्या बाटलीकडे जातं आणि बोलणं संपतं.

बागेपासून सुरू करा. द्राक्षं स्वतःची की करारावरच्या शेतकऱ्यांची? एकरी किती टन माल ठेवता? खाण्याच्या द्राक्षांत जास्त टन म्हणजे जास्त पैसे, पण वाइनच्या बागेत घड विरळ करावे लागतात. एकरी तीन-चार टनांवर थांबणारा आणि सात-आठ टन घेणारा, यांच्या वाइनमधला फरक तुम्हाला ग्लासात दाट रंग आणि लांब चवीच्या रूपात दिसेल. करारावर माल घेत असेल तर भाव वजनावर देतो की प्रतीवर, हेही विचारण्यासारखं आहे.

मग खुंट, म्हणजे ज्या मुळावर वेलीचं कलम बांधतात तो. महाराष्ट्रात डॉगरिज खुंट खूप आहे. तो खारवट पाण्यात आणि दुष्काळात तग धरतो, पण पोटॅशियम जास्त उचलतो, त्यामुळे रसाचा पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. म्हणून वाइनसाठी बरेच जण 110 आर हा दुसरा खुंट वापरतात. पीएचचा आकडा थेट विचारा. रेडसाठी 3.4 ते 3.8 ठीक. त्यावर गेला की रंग मंद होतो आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं. उष्ण भागात टार्टरिक आम्ल घालून पीएच खाली आणतात. ते गैर नाही. प्रामाणिक मालक ते सांगतो.

तोड्याच्या दिवशी ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) किती होतं? 24 ब्रिक्सच्या रसातून साधारण साडेतेरा ते चौदा टक्के अल्कोहोल येतं, त्यामुळे लेबलवरच्या आकड्याशी उत्तर ताडून बघता येतं. तोडा पहाटे घेतला की दुपारी? साली किती दिवस रसात ठेवल्या? बॅरल नवं की तिसऱ्या-चौथ्या वापराचं? तीन-चार वापरांनंतर लाकूड चव देणं जवळपास थांबवतं, फक्त हवा मिळते. काही जण बॅरलऐवजी टँकमध्ये ओकचे तुकडे टाकतात. त्याची लाज नाही, पण मग बाटलीला बॅरलचा भाव नको.

शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो: "ह्या हंगामात काय बिघडलं?" अवकाळी पाऊस, गारपीट, डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग, यांपैकी काहीतरी दरवर्षी असतंच. त्या वर्षी काय केलं, हे सांगताना मालक खऱ्या अर्थानं बोलायला लागतो.

10. बॅरलमधून नळीनं काढून दिलेली वाइन कशी जोखायची?

ती अपुरी आहे हे धरूनच. गढूळपणा, थोडा वायू, पुढे आलेलं लाकूड आणि बोचरं टॅनिन या गोष्टी या टप्प्यावर माफ. बघायचं ते मधलं फळ किती दाट आहे आणि आंबटपणा जागेवर आहे का. लाकूड आणि टॅनिन काळानं बसतं, पण फळ नसेल तर ते नंतर येत नाही. जमलं तर एकच वाइन नव्या आणि जुन्या बॅरलमधून शेजारी शेजारी मागा. ओक काय करतो हे यासारखं दुसऱ्या कशानं समजत नाही. ही वाइन नेहमी थुंका, आणि ग्लासातली उरलेली बॅरलमध्ये परत ओतू नका. तशी पाळी कोणी येऊ देत नाही, पण काही पाहुणे उत्साहात प्रयत्न करतात.

11. भारतीय रेडमध्ये शिमला मिरचीचा किंवा जळक्या रबराचा वास का येतो?

ही दोन वेगळी कारणं आहेत.

शिमला मिरचीचा हिरवा वास कॅबर्ने घराण्यातल्या द्राक्षांत मुळातच असतो. ऊन घडांना मिळालं आणि द्राक्ष सावकाश पिकलं की तो उतरतो. आपल्याकडे फेब्रुवारीअखेर तापमान झपाट्यानं चढतं, साखर लवकर वाढते, आणि साल-बिया मागे राहतात. साखर बघून तोडा घेतला तर हिरवेपणा वाइनमध्ये येतो. पानांची दाटी आणि जास्त माल यांनी तो वाढतो. किंचित असेल तर कॅबर्नेला शोभतो. सगळ्या फळावर मात केली असेल तर तो बागेतला दोष.

जळकं रबर, सडकं अंडं, विझलेली काडी हे गंधकयुक्त संयुगांचे वास. आंबवताना यीस्टला नायट्रोजन कमी पडला किंवा भुरीसाठी मारलेलं गंधक तोड्याच्या फार जवळ आलं, तर ते तयार होतात. ग्लास जोरात फिरवा, दहा मिनिटं थांबा. वास गेला तर काळजी नाही. रबर मात्र बहुधा जात नाही.

12. वाइन खराब आहे हे कसं ओळखायचं, आणि मालकाच्या तोंडावर कसं सांगायचं?

ओलं पुठ्ठ्याचं खोकं किंवा कोंदट गोणपाट असा वास, आणि फळ गायब: कॉर्कचा दोष. ग्लासात ठेवली की हा वास वाढतो. स्क्रू कॅपच्या बाटलीत तो जवळपास येत नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश: जिवाणूंनी ॲसेटिक आम्ल तयार केलंय. घोड्याचा तबेला किंवा औषधी पट्टी: ब्रेट नावाचं यीस्ट. हे बॅरलमध्ये मुरून बसतं आणि उच्च पीएचवर फोफावतं. तपकिरी रंग, सपाट चव, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास: हवा लागली. शिजवलेल्या मोरावळ्यासारखा वास आणि वर सरकलेलं बूच: बाटली उन्हात राहिली.

पहिल्या शंकेला मालकाला दोषाचं नाव सांगू नका. "मला यात ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय, तुम्ही बघता का?" असं म्हणून ग्लास पुढे करा. चांगला मालक लगेच वास घेतो आणि दुसरी बाटली उघडतो. दुसरीतही तेच असेल तर दोष बाटलीचा नाही, त्या सगळ्या लॉटचा आहे. तेव्हा तो लॉट घेऊ नका.

13. तळाशी गाळ आणि काचेसारखे खडे दिसले. परत करू का?

नको. खडे टार्टरेटचे (द्राक्षातल्या आम्लाचे) असतात, गाळ रंग आणि टॅनिनचा. दोन्ही निरुपद्रवी. छोट्या वायनऱ्या चव जपण्यासाठी गाळणं कमी ठेवतात, म्हणून तिथल्या बाटल्यांत हे जास्त दिसतं. बाटली दिवसभर उभी ठेवा, सावकाश ओता, शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या. बाटलीबंद रेड ग्लासात फसफसत असेल तर मात्र वाइन बाटलीत पुन्हा आंबली असण्याची शक्यता आहे, ते नक्की सांगा.

14. वाइन आवडलीच नाही तर खोटं बोलावं का?

"छान आहे" म्हणून सुटका करून घेतली तर मालकाच्या हाती काही लागत नाही. काय कमी वाटलं ते नेमकं सांगा: "शेवटी कोरडी पडते", "लाकूड फळाच्या पुढे येतंय". "मला गोड आवडते" हेही खरं उत्तर आहे. किमतीवरून वाइन वाईट ठरवणं किंवा फ्रान्सच्या बाटलीशी तुलना करणं टाळा. खरेदीची सक्ती नसते, पण मालकानं दोन तास दिले असतील आणि तीन वाइन आवडल्या असतील तर एक-दोन बाटल्या घ्याव्यात.

15. लेबलवर सल्फाइट लिहिलंय. त्यानंच डोकं दुखतं का?

बहुतेकांचं नाही. सल्फाइट म्हणजे वाइन टिकवण्यासाठीचं गंधकाचं संयुग. रेडमध्ये सहसा व्हाइटपेक्षा ते कमी लागतं, आणि सुक्या जर्दाळूत ते वाइनपेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. डोकेदुखीमागे अल्कोहोल, कमी पाणी आणि रिकामं पोट ही कारणं आधी तपासा. प्रत्येक वाइनमागे अर्धा ग्लास पाणी प्या. दमा असलेल्यांना मात्र सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच चाखावं.

16. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची ना?

ते थंड देशांतल्या खोलीचं तापमान. रेडला 16 ते 18 अंश हवेत. नाशिकमध्ये मार्चच्या दुपारी खोली 32 अंशांवर असते, तिथे वाइन सैल आणि दारूसारखी जळजळीत लागते. बाटली फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. टेस्टिंगमध्ये ओतलेली वाइन गरम लागली तर निःसंकोच बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं ठेवायला सांगा. ग्लासात बर्फ नको.

17. बाटल्या घेऊन सापुताऱ्यामार्गे सुरतला जायचंय. चालेल ना?

चालणार नाही. दिंडोरी-वणी रस्ता थेट सापुताऱ्याला जातो, म्हणून ही चूक वारंवार होते. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि वाइनही त्यात येते. सीलबंद बाटली, बिल, महाराष्ट्रातली खरेदी, यांपैकी कशानंही सुटका होत नाही. महाराष्ट्रातच वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतही बंदी आहे. इतर राज्यांत माणशी मर्यादा वेगवेगळ्या आहेत, त्या आधी बघा आणि बिल जवळ ठेवा.

विमानात बाटल्या चेक-इन सामानात द्या. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, सामानाच्या वजनाचा हिशेब त्यावर करा. गाडीत डिकीपेक्षा सीटखाली ठेवा. बंद उभ्या गाडीत उन्हाळ्यात तासाभरात वाइन शिजते.

18. घरी किती वर्षं ठेवता येईल?

हे मालकालाच विचारा, बाटलीगणिक. बहुतेक नाशिकच्या रेड हंगामापासून दोन ते पाच वर्षांत प्याव्यात. लेबलवरचं वर्ष तोड्याचं असतं, म्हणजे 2023 च्या वाइनची गोडी छाटणी 2022 च्या पावसाळ्याअखेर झालेली असते. वाइन कूलर नसेल तर माळ्यावर ठेवू नका, तिथे घरातली सगळी उष्णता साठते. फ्रिजचा खालचा कप्पा बरा. कॉर्कची बाटली आडवी ठेवा, स्क्रू कॅप कशीही. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. अर्धी उरली असेल तर छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी राहते.

19. तिथे फार आवडलेली वाइन घरी वेगळीच लागली. बाटली बदलून दिली असेल का?

आधी चार गोष्टी तपासा. तापमान (प्रश्न 16). ग्लास: स्टीलचा पेला किंवा छोटा सरळ ग्लास असेल तर वास पोचतच नाही, वर निमुळता होणारा घ्या. जेवण: झणझणीत रश्शासोबत प्यायली असेल तर प्रश्न 4 परत वाचा. कमी तिखटाचं सुकं मटण, खिमा किंवा भरली वांगी रेडला जास्त जमतात. आणि तिथे प्यायली ती बॅरलमधली होती की बाटलीतली? बाटली भरताना वाइन हलते, गाळली जाते, सल्फाइट मिळतं, आणि पहिले काही आठवडे ती मुकी होते, म्हणजे वास आणि चव दबते. लांबच्या प्रवासानंतरही बाटलीला आठ-दहा दिवस विसावा द्या.

एवढं करूनही फरक वाटला तर लेबलवरचं वर्ष आणि लॉट नंबर वाचून मालकाला फोन करा. छोट्या ठिकाणी एकाच नावाच्या वाइनचे दोन लॉट वेगवेगळ्या दिवशी भरलेले असतात, आणि त्याच्याकडे दोन्हींची नोंद असते.